पॅटर्न कुणाचा?

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक गाडी येते. शमीपूजन होतं, लोक सोनं लुटतात, आणि गर्दीतल्या निम्म्या लोकांचे डोळे सोन्यापेक्षा गाडीवरच असतात. राजाराम महाराजांच्या काळात ही गाडी जर्मनीहून आली. आख्खी गाडी बोटीतून उतरली. तिच्यात कोल्हापूरचा होता तो फक्त मालक.

आदल्या दिवशी खंडेनवमी असते. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात त्या दिवशी भट्टी पेटत नाही. लेथ, ड्रिल, भट्टीचं पॅनेल धुऊन-पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. डिस्पॅचसाठी रचून ठेवलेल्या कास्टिंगवरही चिमूटभर हळदकुंकू पडतं. मी एकदा असंच एक फ्लायव्हील हाउसिंग बघत उभा होतो. कुंकवाखाली पार्ट नंबर, त्याखाली हीट नंबर. हा माल कुठं जाणार म्हणून विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, "पुण्याला. तिथनं इंजिन बसून बाहेर." बाहेर म्हणजे कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्याला काही अडचणही वाटत नव्हती.

आख्खी गाडी जर्मनीहून इकडं येत होती, आता गाडीचे तुकडे इकडून जगभर जातात. मधल्या नव्वदेक वर्षांत काय काय घडलं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो सांगताना कोल्हापूरकराची एक अडचण होते. अभिमानाचा सूर फार लवकर लागतो, आणि एकदा तो लागला की हिशेब राहून जातो. या पुस्तकातल्या लेखांनी हिशेब सोडलेला नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला कबूल झालो.

मोटारउद्योगाबद्दल बोलताना हल्ली 'व्हॅल्यू चेन' हा शब्द सारखा येतो. मराठीत मूल्यसाखळी. शब्द बरा आहे, पण साखळी म्हटलं की सगळ्या कड्या सारख्या असल्याचा भास होतो. तशा त्या नसतात. गाडी कशी असावी हे ठरवणारा एक असतो, ती विकणारा आणि तिच्यावर नाव कोरणारा एक असतो. या दोन टोकांना पैसा साठतो. मधे ओतणारे, कातणारे, जोडणारे असतात त्यांच्या वाट्याला मजुरी येते. हे अर्थशास्त्राच्या भाषेत समजावून सांगायला पानंच्या पानं लागतात. उद्यमनगरात ते एका वस्तूवरून कळतं. ती वस्तू म्हणजे पॅटर्न.

पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची प्रतिकृती. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी यांचं मिश्रण चौकटीत पॅटर्नभोवती घट्ट दाबायचं, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. वस्तू आतून पोकळ हवी असेल तर तेवढ्या जागी वाळूचा कोअर बसवायचा. ओतल्यावर लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शेकडा एकाच्या आसपास मोठा करावा लागतो. हा हिशेब ज्याच्या डोक्यात तो पॅटर्नमेकर, आणि पूर्वी त्याचं काम सागवानात चालायचं. नीट करवतलेला, पॉलिश केलेला, जोडावर रेघसुद्धा दिसणार नाही असा सागवानी पॅटर्न हातात घेतला की सुतारकाम आणि शिल्पकला यांच्यातली सीमा कुठं पुसली जाते ते कळतं. आता पॅटर्न ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे असतात, संगणकावर काढलेल्या आकृतीवरून मशीनवर कोरलेले. अधिक अचूक असतात, यात वाद नाही. हात लावावासा मात्र वाटत नाही.

कोल्हापूरची फाउंड्री मोटारीसाठी जन्मलेली नाही. ती उसासाठी जन्मली. गुऱ्हाळावरचे चरक, त्यांचे रोलर, मग पंचगंगेचं पाणी शेतात चढवणारी ऑइल इंजिनं. शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं, पाणी आलं, ऊस वाढला, आणि त्यामागोमाग लोखंडाचं काम. शेजारी किर्लोस्करवाडी होतीच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना हलवला आणि या भागातल्या पोरांना यंत्राची ओळख झाली. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्री यांचं नाव आजही 'यंत्रमहर्षी' म्हणून घेतात. अनुभवातून इंजिन शिकलेला हा माणूस, आणि त्यानं पुढच्या पिढीला दाखवून दिलं की बाहेरचं इंजिन उघडून बघितलं तर ते आपल्यालाही करता येतं. वाय. पी. पोवार यांचं नाव तर आज एका वसाहतीलाच आहे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचे सुटे भाग येणं थांबलं, तेव्हा ही दुरुस्तीची विद्या निर्मितीची विद्या झाली. तुटलेला भाग समोर ठेवायचा, त्यावरून सागवानी पॅटर्न करायचा, ओतायचा, कातायचा, बसवायचा.

याला कुणी नक्कल म्हणेल. म्हणू दे. पण त्या नकलेत एक गोष्ट होती: पॅटर्न मेस्त्रीचा होता. इंजिनावर नाव मेस्त्रीचं किंवा त्याच्या कुलदैवताचं असायचं, दर तो ठरवायचा, शेतकरी त्याच्या दारात यायचा आणि इंजिन बिघडलं तर शिव्याही त्यालाच घालायचा. साखळीची दोन्ही टोकं एका गल्लीत होती.

मोटार आली ती पुण्याच्या रस्त्यानं. त्याआधीची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण ती आपण विसरतो. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत गाड्या जोडत होती. सुटे भाग बोटीनं यायचे, इथं नटबोल्ट आवळले जायचे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथंच करण्याचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. राहिले ते वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरसारखे देशी कारखाने. हे धोरण बरोबर की चूक यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. गिऱ्हाइकाला महागडी आणि जुनाट गाडी वर्षानुवर्षं थांबून घ्यावी लागली हे खरं. पण गाडीचे भाग इथं करायचे म्हटल्यावर ते कुणीतरी ओतायला लागणार होते, आणि ओतणारे हात कोल्हापुरात आधीपासून तयार होते, हेही तितकंच खरं. साठच्या दशकात टेल्को पुण्यात आली, बजाज आकुर्डीत आली. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि जपानी पद्धतीचा दर्जा हा शब्द सुट्या भागवाल्यांच्या कानावर पडला. मालवाहतुकीतून आलेल्या घाटगे-पाटलांनी फाउंड्री उभी केली, मूळ केरळच्या मेनन कुटुंबानं पिस्टन आणि बेअरिंगमध्ये नाव कमावलं, आणि त्यांच्यामागे शेकडो लहान शेड उभ्या राहिल्या. आज या पट्ट्यात सुमारे तीनशे फाउंड्री आहेत. भारत कास्टिंगमध्ये चीनखालोखाल जगात दुसरा आहे, आणि त्या आकड्यात आपला वाटा छोटा नाही.

इथंच पॅटर्नचा मालक बदलला. मोटारकंपनीचं काम घेतलं की ड्रॉइंग कंपनीचं, आणि पॅटर्नचे पैसे कंपनी देते म्हणून पॅटर्नही कंपनीचा. तो तुमच्या शेडमध्ये राहतो, त्यावर कंपनीची पट्टी असते, त्याची देखभाल तुम्ही करायची. आणि उद्या दराचं जमलं नाही तर कंपनीचा टेम्पो येतो आणि पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेऊन ठेवतो. "पॅटर्न उचलला" हे दोन शब्द इथं ज्या स्वरात उच्चारतात, तो स्वर एरवी घरातलं माणूस गेल्याचं सांगताना ऐकू येतो. एका जुन्या फाउंड्रीवाल्या अण्णांना मी विचारलं होतं, मोटारीच्या कामानं काय दिलं? ते म्हणाले, "बरंच दिलं की. पोरं इंजिनिअर झाली, बंगला झाला. पर पॅटर्न त्येंचा, रेट त्येंचा, शेड्यूल त्येंचं. भट्टी तेवढी आमची."

रेट किलोवर. ही दुसरी गोष्ट वाचकानं मनात धरून पुढं जावं. कास्टिंग किलोनं विकलं जातं. गाडी नगावर विकली जाते, तिचं सॉफ्टवेअर तर हल्ली महिन्याच्या वर्गणीवर विकतात, आणि कोल्हापूरचं बिल मात्र किलोत. लोखंडाचा भाव वाढला तर रेट वाढवून मिळतो, उशिरा. घटला की लगेच कापतात. वर 'दरवर्षी खर्च कमी करून दाखवा' ही अट. याच्यातून ज्यांना थोडी वाट सापडली, त्यांनी मशीनशॉप घातलं. कच्चं कास्टिंग देण्यापेक्षा कातून, भोकं पाडून, तपासून, थेट इंजिनावर बसेल असं द्यायचं. तिथं किलो संपतो आणि नग सुरू होतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोल्हापुरात कोण टिकलं आणि कोण विकून गेलं हे बघायचं असेल तर माझ्या मते ही एकच रेघ पुरेशी आहे: भट्टीपाशी थांबलेले आणि सीएनसी मशीनपर्यंत गेलेले.

आंतरराष्ट्रीय व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर न्हावाशेवाचे कंटेनर येतात, माल बाहेर जातानाचे. पण जग आत येतं ते भट्टीच्या तोंडातून. एस.जी. प्रतीचं बीड, म्हणजे ठिसूळ न राहता ताण सोसणारं, करायचं तर वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालावं लागतं; त्यानं आतल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या गोळ्या होतात. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होतं. २०२१ च्या शरदात तिकडं विजेची टंचाई झाली, भट्ट्या थंडावल्या आणि जगभर मॅग्नेशियमचे भाव भडकले. फेरोसिलिकॉन भूतानमधून येतं, कारण तिथं जलविद्युत स्वस्त आहे. भट्टीत पडणारं भंगार बरेचदा पुण्या-चाकणच्या प्रेसशॉपमधून येतं: गाडीचं दार कापून उरलेला पत्रा. म्हणजे एका गाडीच्या दाराची कातरण दुसऱ्या गाडीचं हाउसिंग होऊन त्याच गावी परत जाते. आणि वीज. एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिटं जातात, म्हणून विजेचा दर वाढला की इथले उद्योजक कर्नाटकात जायची भाषा करतात. कागलच्या पुढं सीमा लागते, बेळगावात फाउंड्रीही चिकार आहेत. त्यामुळं ही धमकी पोकळ नाही. फार जण गेलेही नाहीत, हेही नोंदवलं पाहिजे.

साखळी तुटते कशी, हे कोल्हापुरानं पाण्यात उभं राहून बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक जवळजवळ आठवडाभर बंद पडली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. मोटारकंपन्या साठा ठेवत नाहीत, भाग वेळेवर येतील या भरवशावर लाइन चालवतात. आणि तो भरवसा एका नदीच्या पुलावर टांगलेला होता. गोदाम भरून ठेवा असं त्या पावसाळ्यानंतर गिऱ्हाईक सांगू लागलं, पण गोदामाचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज फाउंड्रीनं सोसायचं.

नियमांचं पाणी असंच चढतं, फक्त त्याला आवाज नसतो. १९९७ साली भारत सरकारनं परदेशी मोटारकंपन्यांशी करार केले: इतके टक्के भाग इथले वापरा, आयात कराल तितकी निर्यात करा. अमेरिका आणि युरोपनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २००१ च्या डिसेंबरात निकाल भारताच्या विरोधात गेला आणि त्या अटी निघाल्या. निकालाची बातमी इथं कुणी वाचली असेल असं वाटत नाही. आणि गंमत बघा, स्थानिक भागांची तीच अट पुढं अमेरिकेनं स्वतःच्या अंगणात कडक केली. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या उत्तर अमेरिकी करारात गाडीचं ७५ टक्के मूल्य करारातल्या तीन देशांतलंच हवं, आणि ठरावीक हिस्सा तासाला किमान १६ डॉलर मजुरी घेणाऱ्या कामगारांनी केलेला हवा. शिरोलीतल्या मोल्डरला हा आकडा सांगितला तर तो दिवसाचा आहे का म्हणून विचारील.

मग आलं २०२५. मे महिन्यात अमेरिकेनं मोटारीच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं. ऑगस्टअखेर भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांचा बोजा पडला. त्यातली खोच अशी की प्रवासी गाडीचा भाग २५ टक्क्यांत राहिला, आणि ट्रॅक्टरचा ५० टक्क्यांत गेला. एकाच भट्टीतून, एकाच लॅडलमधून ओतलेली दोन हाउसिंगं. एकाला चौथा हिस्सा, दुसऱ्याला निम्मा. फरक लोखंडात नव्हता, चलनावर लिहायच्या कोडमध्ये होता. नोव्हेंबरात अवजड ट्रकच्या भागांचा वेगळा दर आला. हे पुस्तक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत आणखी काही बदललं असेल. म्हणून दरांचा तक्ता यात घातलेला नाही. युरोपकडून येणारी गोष्ट अधिक टिकाऊ आहे. २०२६ च्या जानेवारीपासून तिथं आयात होणाऱ्या लोखंड-पोलादाच्या मालाला त्याच्या कार्बनचा हिशेब चिकटला. नटबोल्टसुद्धा त्या यादीत आहेत. मोटारीचे सुटे भाग त्यात आज ना उद्या येतील असं धरून चाललेलं बरं, आणि मग 'भट्टीची वीज कोळशाची की सौर' हा प्रश्न गिऱ्हाईक रेटच्या आधी विचारेल.

या सगळ्याहून मोठी गोष्ट मात्र कुठल्याच सरकारनं लादलेली नाही. विजेच्या मोटारीला सिलिंडर ब्लॉक नसतो. हेड नाही, मॅनिफोल्ड नाही, इंजिनाचं फ्लायव्हील नाही, त्याचं हाउसिंगही नाही. कोल्हापूरच्या कित्येक शेडमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत जे ओततात, त्यातलं बरंच त्या गाडीत बसवायला जागाच नाही. ब्रेक राहील, ॲक्सल राहील, सस्पेन्शनचे काही भाग राहतील. मोटरचं आवरण ॲल्युमिनियमचं, ते निराळं शास्त्र. ट्रक, ट्रॅक्टर, पंप इतक्या लवकर डिझेल सोडणार नाहीत, असं इथं सांगतात. बरोबर आहे. पवनचक्कीची भली मोठी कास्टिंग आता इथंच ओतली जातात आणि ती वाट चांगली आहे. पण किलोचा हिशेब करणाऱ्यांनी एका आकड्याकडे बघावं. विजेच्या एका मोटारीत दुर्मीळ धातूंची चुंबकं असतात ती साधारण किलो-दोन किलो वजनाची. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं त्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, आणि भारतातल्या बड्या कंपन्यांचे उत्पादनाचे बेत डळमळले. टनावारी बीड ओतणाऱ्या गावाला असा दम जगाला कधी देता आला नाही. दिला असता तर पॅटर्न उचलून टेम्पो निघाला असता.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मोटारउद्योगासाठी २५,९३८ कोटींची प्रोत्साहन योजना आणली. सुट्या भागांच्या गटात पात्र व्हायला उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटी हवी. इथल्या बहुतेक शेडना ती बातमी वाचण्यापुरतीच होती.

या संग्रहातल्या लेखकांनी वेगवेगळ्या कड्या हातात घेतल्या आहेत: भंगार, वाळू, वीज, परप्रांतातून आलेला कामगार, बँक, बंदर. सगळ्यांशी मी सहमत नाही. वाळू पुन्हा वापरण्याच्या सामाईक प्रकल्पाबद्दलचा उत्साह मला जरा जास्त वाटतो, आणि ओडिशा-बिहारच्या मोल्डरांवर आणखी लिहायला हवं होतं. भट्टीसमोर चौदाशे अंशांच्या धगीत उभा असणारा माणूस आता बहुधा मराठी बोलत नाही, हे आपण आपसांतही नीट मान्य केलेलं नाही. पण एका बाबतीत लेखकांशी माझं मत जुळतं. कोल्हापूरनं गमावलेली गोष्ट कारागिरी नव्हे, ती आहेच. गमावलं ते ड्रॉइंग. ऑइल इंजिनाच्या काळात ते स्वतःचं होतं. काही मोजक्या कारखान्यांनी आता आपले डिझाइन इंजिनिअर बसवले आहेत, आपला माल आपल्या नावानं विकायला सुरुवात केली आहे. ते मोजकेच आहेत.

शेवटी एक विनंती. उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींच्या घरी, माळ्यावर, शेडच्या मागच्या बाजूला ऑइल इंजिनाचे आणि चरकाचे सागवानी पॅटर्न अजून पडलेले आहेत. त्यांच्यासोबत ऑर्डरच्या वह्या, चलनं, हातानं काढलेली ड्रॉइंगही असतील. गेल्या काही वर्षांत यातलं बरंच भंगारवाल्यानं नेलं, काही बंबात गेलं. सागवान असल्यामुळं ते जळतंही छान. तुमच्याकडे असं काही असेल तर देऊन टाकण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, कुणी केलं आणि कुणासाठी केलं एवढं मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत ते घालू.